तहाच्या वाटेतलं दार

युद्ध थांबवायचं एकदाचं ठरलं होतं. कैदी, सीमा, पूल, सगळ्यावर दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या होत्या. आता फक्त शेजारच्या दालनात जाऊन कॅमेऱ्यांसमोर सह्या करायच्या, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. दाराचं एक कवाड बिजागरीत गंजून बसलं होतं, दुसऱ्यातून एका वेळी एकच माणूस जाई.

आधी गेलो तर पळाल्यासारखं दिसेल, मागून गेलो तर हाकलल्यासारखं, असं आपल्या प्रमुखांचं म्हणणं. समोरच्या प्रमुखांचंही तंतोतंत तेच. वर्षभर कशावर म्हणून एकमत झालं नाही या दोघांचं, आणि मेलं इथं बरं झालं!

उपसचिव कोपऱ्यात दातओठ खात उभा होता. त्याचा एकुलता एक मुलगा आघाडीवर होता. अंधार पडायच्या आत सह्या झाल्या नाहीत, तर त्याची तुकडी नदी ओलांडणार होती. आणि इथं काय चाललं होतं? कवाड सोडवायला आपला सुतार त्यांना चालेना, त्यांचा आपल्याला. नाणं उडवू म्हटलं, तर नाणं कोणत्या देशाचं यावरून जेवणं राहिली. या दोघांना खुर्च्यांसकट उचलून नदीकाठी नेऊन ठेवावं, असं उपसचिवाला वाटत होतं.

दिवस कलता कलता तोडगा निघाला. दोघांनी एकदमच निघायचं. निघाले. दोघेही खात्यापित्या घरचे. दारात असे गच्च अडकले, की हलता येईना.

"जरा मागे सरा," आपले प्रमुख म्हणाले.

"माघार आम्ही घेत नसतो," समोरचे म्हणाले.

खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. उपसचिवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांची नोकरी, पेन्शन, सगळं विसरून त्यानं लाथ घातली.

दोघे एकमेकांना कवटाळून कॅमेऱ्यांसमोर आडवे झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. ही गळाभेट नव्हे म्हणावं, तर आधी कोण पडलं हे सांगणं आलं. दोघांनी मुकाट्यानं सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांनी पहिलंवहिलं संयुक्त पत्रक काढलं. उपसचिवाला बडतर्फ करावं, असं त्यात होतं.

तो घरी आला, तेव्हा बायको दारातच उभी होती. मुलाचा फोन येऊन गेला होता. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"लाथ आपल्या साहेबांना घातलीत का त्यांच्या?"

"दोघांना. मधोमध बसली."

"मग काल सकाळीच का नाही घातलीत?" ती कडाडली. "दिवसभर जीव टांगणीला लागला होता माझा."