पलंगाचे नाव

पलंगासोबत आलेल्या माहितीपत्रकात कंपनीने ठळक अक्षरांत जाहीर केले होते: ‘आमचा पलंग मालकाच्या आज्ञेशिवाय बोटभरही हलत नाही.’ वाक्य सुबक होते, व्याकरणशुद्ध होते आणि धादांत खोटे होते. पलंग हलला. बोटभर नव्हे, थेट छातीइतका वर गेला! आणि त्या क्षणी मालक शेजारच्या खोलीत भलत्याच उद्योगात गुंतले होते.

मालक म्हणजे तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘पूर्णविराम’ म्हणत, कारण ते बोलले की समोरच्याचे वाक्य संपत असे. बायकोच्या खुब्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, आईला थोडे दिवस शुश्रूषा केंद्रात ठेवू. तुम्हाला नाही जमायचं.”

“आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं मी! एक बाई आणि एक विजेचा पलंग सांभाळता येणार नाही?”

“बरं. पण तुमच्या हातून एक जरी गडबड झाली ना, त्याच दिवशी तिला हलवणार. मग वाद नकोत.”

प्राध्यापकांनी वाद न घालता मान डोलावली, यावरूनच प्रकरण किती गंभीर होते ते कळावे.

त्या सकाळी त्यांच्या फोनवर सूचना झळकली: पलंगाचे सॉफ्टवेअर अपडेट करायचे आहे, पुढे जाण्यासाठी पलंगाला नाव द्या. खाली बारीक अक्षरांत आश्वासन होते: ‘हे नाव फक्त तुम्हालाच दिसेल.’ कंपनीने स्वतःहून ‘माझा पलंग’ असे नाव भरून ठेवले होते. प्राध्यापकांना ते सपशेल असत्य वाटले. पलंग तिचा होता. ते दुरुस्तीला बसले. एक शब्द लिहिला, तो अपुरा वाटला. त्याला एक वाक्य जोडले, त्या वाक्याला दुसरे. कोणी वाचणार नाही म्हटल्यावर भले भले मोकळे होतात! शेवटी समाधानाने त्यांनी ‘ठीक’ दाबले.

शेजारच्या खोलीतून घरघर ऐकू आली. पाठोपाठ हाक.

“अहो!”

“आलो!”

“आलो काय, मी चालले! वर!”

प्राध्यापक धावले. पलंग छातीपर्यंत चढला होता, उशीकडची बाजू उभी राहिली होती आणि बायको न्यायासनावर बसल्यासारखी दिसत होती. त्यांनी रिमोटची सगळी बटणे दाबली, प्लग उपटला, पत्रकातला फोन नंबर लावून अत्यंत शुद्ध भाषेत तक्रार केली. पलंग ढिम्म!

“दुखतंय का तुला?”

“दुखत नाही. पण या कपाटावर किती धूळ आहे हो! रोज पुसतो म्हणाला होतात ना?”

“वरून पुसतो असं मी कधीच म्हटलं नव्हतं.”

मग ते स्टुलावर चढले आणि तिचा हात घट्ट धरून उभे राहिले.

“उतरा! पडाल.”

“तू पडू नयेस म्हणून तर चढलोय.”

“म्हणजे आता दोघंही पडू.”

युक्तिवाद बिनतोड होता. तरीही ते उतरले नाहीत.

नेमक्या त्याच अवस्थेत मुलगी दारात आली. आई अधांतरी, बाबा स्टुलावर! तिने सरळ आतून बॅग आणली आणि आईचे कपडे भरू लागली.

थोड्या वेळाने कंपनीचा सर्व्हिसवाला आला. त्याने प्लग पुन्हा लावला, आपले यंत्र जोडून पलंगाची स्मृती पार पुसली, तेव्हा कुठे पलंग खाली आला. बायकोला खुर्चीत बसवल्यावर तो म्हणाला, “पलंग एकदम ओके आहे. काकांनीच काहीतरी उलटसुलट केलं असणार. ‘ग्राहकाची चूक’ लिहितो.”

“लिहू नका,” प्राध्यापक थंडपणे म्हणाले. इतक्या थंडपणे, की त्याने हातातला पेन खाली ठेवला. “मी आज्ञा दिली नाही आणि पलंग हलला, तर तुमचं पत्रक खोटं. आता तुम्ही म्हणाल, मी आज्ञा दिली. मी फक्त नाव दिलं. नाव ही आज्ञा कधीपासून झाली?”

सर्व्हिसवाल्याने घाईघाईने कंपनीतल्या प्रोग्रामरबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“सर, नाव किती मोठं होतं?” त्यांनी विचारले.

“जरा… सविस्तर.”

“अरे देवा! अपडेटच्या भागात नावासाठी छोटीशी जागा असते, सर. आलेलं नाव मोजून घ्यायला हवं. आम्ही बहुतेक मोजत नाही. मग जास्तीचं नाव शेजारच्या जागेत सांडतं. आणि तिथे पलंगाची उंची ठेवलेली असते.”

“म्हणजे वाटीत तुम्ही अख्खा तांब्या उपडा केलात.”

“हो ना. त्यात नाव आम्ही पासवर्ड विचारायच्या आधीच घेतो. म्हणजे जिन्यातून जाणारासुद्धा कोणीही आपल्या फोनवरून…”

“ताई, इथे सगळे ऐकतायत!” सर्व्हिसवाला कळवळला.

“ऐकू दे. पण खात्रीसाठी तेच नाव लागेल, सर. शब्द न् शब्द. तुमच्याकडचं तर पुसलं गेलंय. पाठ आहे?”

“दुसरं कुठलंही लांब नाव घाला की!”

“नाही चालणार. तेच घालून पलंग तसाच उठला, तरच मी ‘चूक आमची’ असं लिहून देईन.”

“बाबा, असं लिहिलं होतं तरी काय?” मुलीने बॅगेची चेन अर्धी ओढून विचारले.

“मला शिव्याबिव्या दिल्यात की काय?” बायको म्हणाली.

प्राध्यापकांनी त्या अर्ध्या चेनकडे पाहिले. मग भिंतीकडे तोंड केले आणि विद्यार्थ्याने न समजलेले उत्तर घडाघडा म्हणावे तसे म्हणून टाकले. सर्व्हिसवाल्याने पलंगाशी कधीही ओळख न झालेल्या आपल्या फोनवर, जिन्यात उभे राहून, ते टाइप केले. रिकामा पलंग घरघरत छातीपर्यंत चढला!

“चूक आमची, सर,” फोनमधून आवाज आला. “लिहून देते. आणि आजच सगळ्या पलंगांची दुरुस्ती पाठवते.”

मुलीने नाक ओढले, चेन उघडली आणि आईचे कपडे पुन्हा कपाटात लावू लागली. प्राध्यापकांचे कान लाल झाले होते.

“चला, झालं. प्रश्न मिटला,” ते म्हणाले.

“मिटला कसा?” खुर्चीतून आवाज आला. “एकदाच केलेल्या प्रयोगानं काय सिद्ध होतं हो? पुन्हा म्हणा. आणि या वेळी इकडे बघून.”

पूर्णविरामाला आपलेच वाक्य पुन्हा सुरू करावे लागले. दुसऱ्या खेपेस, भिंतीऐवजी बायकोकडे पाहून दिलेला आरोपीचा कबुलीजबाब शब्दशः असा:

“जी दवाखान्यात होती तेव्हाही मी रोज दोन कप चहा करत राहिलो, जिच्याशी भांडल्याशिवाय मला माझंच म्हणणं पटत नाही, आणि जिला हे तोंडावर सांगायची माझी आजवर छाती झाली नाही, त्या माझ्या बायकोचा पलंग.”