कुणाच्या मापाची कविता

हमीद मास्टरांनी एका कवितेवर 'काखेत दाटतंय' असा अभिप्राय दिला आणि नांदेडच्या एका पोरानं तडक ग्रुप सोडला. पोराचं म्हणणं, ह्याचा अर्थ काय? मास्टरांचं म्हणणं, "काखेत दाटतंय हे ज्याला समजत न्हाई, त्यानं कापडाला हातच लावू नये."

मास्टर लातूरला लेडीज टेलर आहेत. तीस वर्षं ब्लाऊज शिवतात आणि तितकीच वर्षं कविता करतात. 'ओळीवर ओळ' हा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांनीच काढला. मी कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून मला दुसरी ॲडमिन केलं. म्हणजे भांडणं मिटवायला. नांदेड, लोहा, शिरूर अनंतपाळ, कुठकुठली पोरं-पोरी त्यात आहेत. कविता पडली की मास्टरांची मशीन थांबते आणि अभिप्राय येतो. 'गळा लई मोठा झाला.' 'वरून जरी, आत अस्तर न्हाई.' 'घेर कमी करा, कापड वाया चाललंय.' आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, 'कुणाच्या मापाचं हाय हे?'

दुकानातही तेच. एखादी मुलगी मोबाइलवर मैत्रिणीचा फोटो दाखवून म्हणाली, "मास्टर, सेम टू सेम असंच पायजे," की हे उखडलेच. "डिझाइन तिचं घे बेटा. पण माप तुझंच द्यावं लागंल की! खांदे पण तिचेच लावून देऊ का तुला?" मी एकदा मापाला बहिणीचं ब्लाऊज नेलं, तर मला पायरीवरूनच परत पाठवलं होतं. दुसऱ्या कुठल्या टेलरचा एवढा माज मी ऐकून घेतला नसता.

गेल्या वर्षी ग्रुपात एक साथ आली. कविता काहीही असो, शेवट एकच: 'सांगू का नको?' लोह्याच्या पोराची बस चुकली, सांगू का नको? इंजिनिअरिंगच्या पोरीचं प्रेम मोडलं, सांगू का नको? शिरूर अनंतपाळच्या एकानं सोयाबीनवरच्या अळीची कविता लिहिली, तर त्यात अळीच विचारतेय, सांगू का नको? त्याखाली मास्टर: 'नको! अल्ला के वास्ते नको सांगू!' सगळ्यांच्या ओळी आखूड, सगळ्यांची भाषा एकदम घरची. वकिलाच्या बंगल्यात वाढलेली नांदेडची एक मुलगी, जिच्या सात पिढ्यांत 'टोचतंय'ला कुणी 'टोचून राहिलंय' म्हटलं नसेल, तीही तसंच लिहायला लागली. शेवटी मास्टरांनी हुकूम काढला. ही ओळ आजपासून बंद. लिहील तो आठवडाभर ग्रुपाबाहेर. 'शंभर माणसं अन् एकच ब्लाऊज! लाज वाटत न्हाई का रे?'

इथं माझं डोकं सणकलं. लाज नेमकी कुणाला वाटायला हवी होती, ते मला चांगलं माहीत होतं.

ती ओळ प्रतीक्षाची. चाकूरची मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, ग्रुपात कधी हूं नाही की चूं नाही. तिनं एका दुपारी एवढंच टाकलं होतं:

आईनं फाटलेलं शिवलं.
कापड हिरवं, दोरा लाल.
लोकांना दिसलं न्हाई.
मला टोचून राहिलंय.
सांगू का नको?

कुणी ढुंकून पाहिलं नाही. मीही नाही, मी पेपर तपासत होते. चौथ्या दिवशी मास्टरांची कविता आली. तोवर मास्टर म्हणजे 'मम हृदयाच्या गाभाऱ्यात' वगैरे. आम्ही न वाचताच हात जोडून मोकळे व्हायचो. या वेळी मात्र ओळी आखूड, मधे 'राहिलंय' आणि शेवटी 'सांगू का नको?'. ग्रुप हलला. लाल बदामांचा नुसता खच पडला. तीन माझेही होते, कबूल करते. पोरांनी ती तऱ्हा उचलली ती मास्टरांची म्हणून. ॲडमिन माणूस, वयानं मोठा. चाकूरची मुलगी कुणाला आठवणार?

पुढं नांदेडला एका स्पर्धेत प्रतीक्षानं तीच कविता वाचली. परीक्षकही व्हॉट्सअ‍ॅपवरचेच, मास्टरांची कविता आधी वाचलेले. भर स्टेजवर हसून म्हणाले, "छान आहे बाळ, पण आधी हमीद मास्टरांच्या सावलीतून बाहेर ये." लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय बोलणार! प्रतीक्षा ग्रुपातून बाहेर पडली. लिहिणंच सोडलं तिनं, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

आणि हा माणूस पोरांची लाज काढतोय! मी थेट दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, असू दे. "मास्टर, शंभर जणांना कापून कुणी दिलं हे? माप कुणाचं होतं?" फोनवरचा ग्रुप वर सरकवत प्रतीक्षाच्या कवितेपर्यंत नेला आणि त्यांच्या नाकासमोर धरला.

वाटलं, आता उखडतील. त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"म्हाईत हाय मला," म्हणाले. "ती वाचली अन् तीन दिवस मला काही शिवताच येईना मॅडम. नक्कल कराया बसलो नव्हतो. बसलो अन् तसंच आलं. मग तुम्ही सगळ्यांनी वाहवा केली. तीस वर्षांत पहिली वाहवा. बायको गेल्यापासून घरात ऐकायला कोण हाय? म्हटलं, उद्या सांगू, परवा सांगू. मग रोज एक नवं पोरगं तीच ओळ लिवायचं अन् मला धडकी भरायची. म्हणून वरडायचो."

"मग आता?"

"आता काय. चाकूरला जाऊ."

ऐन लग्नसराईतल्या रविवारी दुकानाला कुलूप. एसटीत ते सगळा वेळ भाषण पाठ करत होते. प्रतीक्षाच्या आईनं चहा दिला, मुलगी दाराशी उभी राहिली आणि भाषण गेलं कुठल्या कुठं.

"बेटा, ती ओळ तुझी हाय. मी उचलली. माझ्यावरून बाकीच्यांनी उचलली. माफ कर मला."

 प्रतीक्षा हळूच म्हणाली, "चाचा, मला वाटलं मीच तुमचं उचललं. कधीतरी वाचलं असंल अन् इसरले असंन. सगळेच म्हणाया लागले, मग मलाबी खरंच वाटलं."

मी परीक्षकावर चिडले होते, पोरांवर चिडले होते, मास्टरांवर तर चिडलेच होते. पण हे ऐकून मला रडूच आलं.  मास्टरांनी फोन काढून तिला दोन्ही कविता दाखवल्या, दोन्हींच्या तारखा दाखवल्या, पुन्हा दाखवल्या. मग तिच्यासमोरच सगळ्या ग्रुपला खरं काय ते बोलून पाठवलं.

"मग माझीच हाय की," प्रतीक्षा म्हणाली.

"तुझीच. मी आता लिवणार न्हाई काही."

"का म्हणून? तुमची सोताची म्हणा की एखादी."

"ती कुणी ऐकत न्हाई बेटा."

"आम्ही बसलोय न्हवं?"

मास्टरांनी घसा साफ केला आणि ती आपली जुनी, जडजंबाल संस्कृत शब्दांची कविता अडखळत म्हणायला लागले. मायलेकी मांडी घालून ऐकत होत्या, एक अक्षर न चुकवता. ग्रुपात त्या कवितेला मी कितीदा तरी हात जोडले असतील. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली. त्यात एक बाई होती. नवऱ्याला जवळचं दिसेनासं झालं, म्हणून रोज सकाळी दिवसभराच्या सुयांत दोरे ओवून ठेवायची.