एक्केचाळीस नंबरची कुमक

प्रयोगशाळेतल्या उंदराला जंतूंची बाधा झाली, की त्याच्या शरीरातला निरोप्या पांढऱ्या पेशींकडे जाण्याआधी पोंक्षेबाईंच्या खिडकीवर शिक्का घ्यायला येतो. तसा नियमच आहे. निरोपे दिसायला चारचौघांसारखेच. फक्त उंची वीतभर आणि हात कढत.

त्या मंगळवारी सकाळी एक्केचाळीस नंबरच्या उंदराचा निरोप्या आला तो धापा टाकतच.

"रक्तात जंतू शिरलेत. पांढऱ्या पेशींची कुमक हवी."

"बसा. मुजावर सरांची सही लागेल. सर मीटिंगमध्ये आहेत."

तो बाकावर बसला. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी सर येईनात. एक्केचाळीस नंबर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात केस पिंजारून, डोळे मिटून पडला होता. बाई रोज सकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलत. घरी नवऱ्याशी तेवढेही होत नसत. त्यांचा जीव तुटायला लागला.

"संध्याकाळपर्यंत टिकेल का हो?"

"कुमक पोचली तर."

वीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी सहीवाचून शिक्का मारला. पण हाताची सवय कुठं जाते? एक मूळ प्रत, एक कार्यालयाची, एक फायलीची. शिक्के तिन्हींवर बसले आणि घाईघाईत तिन्ही प्रती त्याच्याच हातात गेल्या. तो पळाला.

शरीराला कार्यालयाची प्रत वगैरे काही कळत नाही. तिथं तीन निरोप पोचले, तिप्पट कुमक निघाली. तासाभरात जंतूंचा फडशा पडला. पण कुमक थांबेना. शत्रू संपल्यावर ती घरच्यांवरच उलटली. रोग परवडला पण औषध नको, म्हणतात तसं झालं. चार वाजता पिंजऱ्याची जाळी हाताला चटका देत होती आणि आत एक्केचाळीस नंबर संपला होता. बाई पदरात तोंड लपवून रडल्या.

निरोप्या पुन्हा खिडकीशी आला.

"कुमक बरीच शिल्लक आहे. कुठं नेऊ?"

"परत पाठवा."

"परत जायला शरीर उरलं नाही. अशा वेळी ती शिक्का मारणाऱ्याकडे जमा होते."

बाईंनी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. तसंच छापलेलं होतं.

"अहो, पण माझ्या अंगात जंतूबिंतू काही नाहीत."

"माहीत आहे," तो मवाळपणे म्हणाला आणि त्यानं आपला कढत हात त्यांच्या मनगटावर ठेवला. "पोच द्या."

बाईंनी पोच लिहून दिली. सही करताना तापाच्या थंडीनं त्यांचे दात वाजत होते.