रविवारी घरी या

दर गुरुवारी सरांच्या वर्गात कात्री चालायची. परकी भाषा शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी सर एक छोटा उतारा स्वतःच्या हातानं लिहून फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवत. ऑफिसातले क्लार्ककाका त्याच्या ओळी सुट्या कापत आणि वर्ग त्या जुळवून पुठ्ठ्यावर चिकटवी. 'पण', 'म्हणून', 'तो' हे शब्द मागच्या वाक्याचं बोट धरून येतात; ते बोट सापडलं नाही तर काही म्हणजे काही कळणार नाही, असं सर तीस वर्षं सांगत आले होते.

त्या गुरुवारी सरांच्या लग्नाचा वाढदिवस होता. तरुणपणी दोघं याच भाषेच्या वर्गात शिकायला होती आणि तेव्हा बायकोनं त्यांना त्या भाषेत चार ओळींचं पत्र लिहिलं होतं. लग्नानंतर तिनं ते आपल्या ताब्यात घेतलं. दर वाढदिवसाला ती ते काढून स्वतःशीच वाचे आणि ठेवून देई. सरांना त्यातलं 'रविवारी घरी या' एवढंच आठवत होतं. यंदा घड्या फारच विरल्या, म्हणून तिनं ते सरांच्या हाती दिलं. "प्लास्टिकमध्ये घालून आणा. हरवलंत तर मात्र घरी येऊ नका."

सरांनी पत्र जपून फाइलमध्ये ठेवलं. सगळ्यांत वर.

क्लार्ककाकांना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नसे. वरचा कागद कापायचा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सर वर्गात शिरले तेव्हा पुठ्ठा तयार होता. पुढच्या बाकावरच्या नर्सबाईंनी विचारलं, "सर, उताऱ्यातला तो माणूस शब्दकोश आणायला गेला का हो?"

पुठ्ठ्यावर बायकोचं अक्षर होतं. 'तुम्ही वर्गात कोणाशीच बोलत नाही. पण मला तुमचा शब्दकोश दिलात. तो अजून माझ्याकडेच आहे. म्हणून रविवारी घरी या.'

सरांनी काकांना बोल लावावा, तर कागद वर ठेवणारे आपणच. शेवटी त्यांनी वर्गाला सगळं खरं सांगून टाकलं. मग नर्सबाईंनी पट्ट्या ओल्या कापसानं सोडवून चिमट्यानं अशा सांधल्या, की टाके कुठे घातलेत ते दिसू नये.

संध्याकाळी बायकोनं चष्मा लावून प्लास्टिकमधलं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"तूच की."

"मला तेव्हा इतकं धड कुठं लिहिता येत होतं?"

सरांनी मान खाली घालून गुन्हा कबूल केला. तिनं कात्री आणली, प्लास्टिक उघडलं, चारही ओळी सुट्या केल्या आणि क्षणभरही न अडखळता पुन्हा मांडल्या. 'म्हणून रविवारी घरी या. तो अजून माझ्याकडेच आहे. पण मला तुमचा शब्दकोश दिलात. तुम्ही वर्गात कोणाशीच बोलत नाही.'

"असं होतं. शेंडा ना बुडखा," ती म्हणाली. "तरी रविवारी सकाळी सातला दारात उभे होतात."

सरांना तो इस्त्रीचा शर्ट आठवला, सातला अजून न उघडलेलं दार आठवलं, आणि डोळे भरून आले. त्यांनी डिंकाची बाटली तिच्याकडे सरकवली.