डबीतला क्लेम

नोला ट्रेमबाथ स्वयंपाकघरात नवऱ्याची वाटणी करत होती. समोर अंत्यविधीवाल्यांकडून आलेला राखेचा प्लॅस्टिकचा डबा, हातात साखरेचा चमचा, आणि टेबलभर कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या काळ्या डब्या. क्लेमने उभा जन्म समुद्राचे फोटो काढण्यात घालवला होता. घरात एक वेळ साखर नसायची, पण रोलच्या डब्या नाहीत असं कधी झालं नव्हतं.

"प्रत्येकाला एक डबी," नोला म्हणाली. "जेटीच्या टोकावरून आपापला बाप आपापल्या हाताने सोडायचा. मागाहून भांडण नको."

"मी जावई आहे," ब्रेंटन म्हणाला.

"तुला अर्धी."

मुलगी रॉझ म्हणाली की अशा कामासाठी पितळेचे छोटे सुबक कलश मिळतात. नोला म्हणाली की ज्या माणसाने तीन पंतप्रधान बदलेपर्यंत एकच टोपी वापरली, तो पितळेत बसणार नाही.

लिंडसे, धाकटा मुलगा, शेजारी बसला होता. त्याच्या मांडीवर बापाचा कॅमेरा होता. त्यात एक रोल होता आणि रोलमध्ये चार-दोन फोटो उरले होते. माझा दिवस येईल तेव्हा ते उरलेले त्या दिवशी काढा, फोनवरचा फोटो मी मानणार नाही, असं क्लेम सांगून गेला होता. मानणार नाही म्हणजे नक्की काय करणार, हे त्याला विचारायचं राहून गेलं.

पण त्या रोलची खरी गोष्ट वेगळीच होती. किटली शिटी मारेपर्यंत अंथरूण न सोडणारा क्लेम या शेवटच्या हिवाळ्यात रोज अंधारात उठून कॅमेरा घेऊन जेटीवर जायला लागला होता. सकाळचा प्रकाश चांगला असतो, म्हणायचा. परत यायचा तो गाल लाल करून, आणि डॉक्टरांनी सांगितलेली ओटची लापशी निम्मी टाकून द्यायचा. जेटीच्या पायथ्याशी उना पास्कोची टपरी आहे. उना विधवा आहे, मोठ्याने हसते आणि दुकान पहाटेच उघडते. कसले फोटो काढतोस रे रोज, असं नोलाने विचारलं की क्लेम म्हणायचा, रोल संपला की बघशील. रोल संपायच्या आधी क्लेम संपला.

"लिंडसे," शेवटच्या डबीचं झाकण अंगठ्याने दाबत नोला म्हणाली, "तुझा बाप गेला तो गेला. तो रोल जाता कामा नये."

*खटक. नोला, जेटीवर. मानेपासून खाली.*

लिंडसे ॲडलेडला शेतीचे पाइप विकायचा. असला कॅमेरा त्याने शाळेनंतर हातात धरला नव्हता. एक डोळा मिटायचा असतो एवढं त्याला आठवत होतं. तो चुकीचा मिटत होता.

वारा जमिनीकडून होता, त्यामुळे अशा प्रसंगी राख तोंडावर उडण्याचा जो नेहमीचा घोटाळा होतो तो झाला नाही. रॉझ रडली आणि तिने डबी अलगद रिकामी केली. ब्रेंटनने आपली अर्धी डबी, कपातला उरलेला चहा कुंडीत ओततात तशी ओतली आणि हात झटकले. बाजूला खेकडे पकडणारे बसले होते. त्यांनी जाळी वर ओढायची तेवढी थांबवली होती. जेटीवर याहून मोठा मान कुणाला मिळत नाही.

*खटक. रॉझचा खांदा, ब्रेंटनचा अंगठा, पाणी.*

*खटक. पाद्री. तोंड उघडं, डोळे मिटलेले.*

इथे कॅमेऱ्याचा खटका अडकला. रोल संपला होता. लिंडसेने बापाने शिकवल्याप्रमाणे तो मागे गुंडाळला, बाहेर काढला, बरोबर आणलेल्या रिकाम्या डबीत घातला आणि डबी कोटाच्या उजव्या खिशात ठेवली. डाव्या खिशात बाप होता. डोक्यावर बापाची टोपी होती, वारा वाढला होता, म्हणून डावा हात टोपीवर होता.

"आता तुझं," नोला म्हणाली.

मोकळा हात उजवा. तो उजव्याच खिशात गेला.

एका हाताने रोलची डबी उघडणं हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांनाच ठाऊक. लिंडसेने अंगठा लावून पाहिला. नख लावून पाहिलं. पाद्री त्याच त्या ओळीवर तिसऱ्यांदा आला होता. शेवटी लिंडसेने डबी तोंडाशी नेली.

"दातांनी नको उघडूस बापाला," नोला म्हणाली. "तसाच टाक. उघडायचं असेल तेव्हा उघडेल तो आपला आपण. दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्याने कधी काही केलंय?"

लिंडसेने टाकली. डबी पाण्यावर आपटली, खाली गेली, वर आली, आणि डुलत डुलत किनाऱ्याला समांतर निघाली. सगळे बघत राहिले.

"पोहतोय छान," खेकडेवाल्यांपैकी एकजण म्हणाला.

*खटक नाही. रोल संपला होता.*

मंडळी बोलिंग क्लबच्या हॉलकडे गेली. तिथे चहा होता, बिअर होती आणि नोलाच्या पॅस्टी होत्या. करंजीसारखी दुमड, पण आत मांस-बटाटा आणि एकीत एका माणसाचं जेवण. लिंडसे मागे थांबला. औषधाच्या दुकानात रोल धुवायला देतात, तिथे टाकूनच येतो म्हणाला. खिशात एकच डबी उरली आहे, म्हणजे बरोबरच आहे, असा विचार करत त्याने ती उघडली, आणि त्याच्या काळ्या पँटवर काहीतरी करडं सांडलं.

ब्रेंटन सिगरेट ओढायला म्हणून त्याच्याबरोबर राहिला होता. त्याने डबीत डोकावून पाहिलं.

"हे तर सासरे," तो म्हणाला.

"हो."

"मग पोहत गेले ते कोण?"

लिंडसे जेटीच्या कठड्याला टेकला. डबी तोवर दोन बोटींच्या पलीकडे गेली होती.

ब्रेंटन संकटात सुचणारा माणूस होता, फक्त जे सुचायचं ते कामाचं नसायचं. नवा रोल घेऊ, चार सूर्योदय काढू आणि बाबांचे म्हणून दाखवू, असं तो म्हणाला. ते नको तर रोलमध्ये उजेड शिरला म्हणून सांगू. लिंडसे म्हणाला की औषधाच्या दुकानातली बाई आईबरोबर बोलिंग खेळते, आणि आई त्या रोलसाठी गेले सहा आठवडे नीट झोपलेली नाही. बाबा गेले त्या रात्रीसुद्धा तिने आधी कॅमेरा कुठे आहे ते पाहिलं आणि मग फोन केला.

तेव्हा होडी हवी. एका खेकडेवाल्याकडे पत्र्याची होडी होती. त्याने साहजिकच विचारलं, कशाला. लिंडसेला पटकन खोटं सुचत नाही, आणि खरं सांगणं तर शक्यच नव्हतं. तो म्हणाला, बाबांची डबी परत हवी आहे.

खेकडेवाल्याने समजूतदारपणे मान हलवली. अशा वेळी घरच्यांचं मन बदलतं. त्याने ते शेजाऱ्याला सांगितलं. होडी पाण्यात उतरेपर्यंत क्लेमला परत बोलावलंय हे जेटीभर झालं, आणि ते क्लबच्या हॉलमध्ये पोचलं तेव्हा क्लेम बेपत्ता झाला होता. गावात समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवायचं स्वयंसेवकांचं पथक आहे. ईस्टरपासून कुणी बुडलं नव्हतं. त्यांनी अर्धी पॅस्टी हातात तशीच धरून बोट पाण्यात लोटली.

आता एक अडचण कुणाच्याच लक्षात आली नव्हती. क्लेम रिकाम्या डब्या फुकट वाटायचा. गावातल्या प्रत्येक गळवाल्याच्या पेटीत त्या होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांतल्या कितीतरी पाण्यात पडून इकडे तिकडे अडकल्या होत्या. कुणीतरी ओरडायचं, मिळाला. लिंडसे आणि ब्रेंटन वल्ही मारत तिथे जायचे. डबीत गळ निघायचे. पुढच्या डबीत गळाला बांधायचं शिसं. एकीत तपकीर निघाली, आणि एकीत सोन्याचा दात. तो दात पथकाच्या प्रमुखाने निरखून पाहिला, पुसला आणि खिशात घातला.

"आपण काय शोधतोय ते यांना सांगून टाकू या का?" ब्रेंटनने विचारलं.

"आईला कळेल."

"लेका, बापाला समुद्रात शोधतोयस म्हणून गाव गोळा झालंय. याहून वाईट काय कळायचंय?"

लिंडसे म्हणाला, तू वल्हव.

*खटक नाही. सगळं गाव चौकटीत होतं आणि कॅमेरा रिकामा.*

डबी उनाला सापडली. ती झगा खोचून गुडघाभर पाण्यात दाताळ्याने खेकडे ओढत होती. क्लबमध्ये ती गेली नव्हती, तिला बोलावलंच नव्हतं. दाताळ्यात डबी आली, तिने ती झग्याला पुसली, छातीशी धरली आणि रडू लागली. सकाळी जेटीवर नोला रडली होती त्याहून ती जरा जास्तच रडली. ही गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने टिपली.

मग पुढचा विधी ठरू लागला. पाद्री म्हणाला, तो दुसऱ्यांदा प्रार्थना म्हणायला तयार आहे, या वेळी थोडक्यात. पथकाचा प्रमुख म्हणाला, आम्ही त्याला खोल पाण्यात नेऊन सोडतो, आणि या खेपेला शिसं बांधू. कुणीतरी शिसं काढलंसुद्धा. लिंडसे होडीतून उडी मारून कमरेएवढ्या पाण्यातून येत होता, कोट वर धरून, आणि सांगत होता की उघडू नका, बांधू नका, टाकू नका. लोकांना वाटलं पोराला बापाचा लळा होता.

गर्दी बाजूला झाली. नोला आली. ॲप्रन तसाच होता. तिने उनाच्या हातातून डबी घेतली, कानाशी नेली आणि हलवली. आतून खडखड ऐकू आलं.

"हा क्लेम नाही," ती म्हणाली. "क्लेमने घरात एवढा आवाज कधी केला नाही."

मग तिने लिंडसेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तो तुझ्या पँटवर आहे."

हे सगळ्यांना समजायला थोडा वेळ गेला. उनाने विचारलं, मग यात काय आहे. "रोल," नोला तिच्यावरची नजर न काढता म्हणाली. "त्याचे सकाळचे फोटो." उनाचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. खारं पाणी आत गेलं असेल, ती म्हणाली, आता त्यात काय राहिलंय, टाकून दिलेलंच बरं. नोलाने डबी पोलक्याच्या आत ठेवली, जिथे हात घालायची अख्ख्या पोर्ट पेनरोमध्ये कुणाची हिंमत नव्हती, आणि ती घरी गेली.

*धुऊन आले.*

पाणी आत गेलं नव्हतं. औषधाच्या दुकानातल्या बाईने पाकीट देताना लिंडसेला विचारलं, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना. त्याने ते आईच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला.

नोलाने चष्मा लावला. वर लिंडसेचे फोटो होते. ते तिने भराभर बाजूला सारले, स्वतःचं मानेपासून खालचं शरीर तर उलटंच ठेवलं. मग क्लेमचे सुरू झाले.

पहिल्यात जेटीचा कठडा, मागे गुलाबी समुद्र, आणि कठड्यावर एक पॅस्टी. तिची वाफ उजेडात अडकली होती. दुसऱ्यात पॅस्टी आणि सीगल. तिसऱ्यात पॅस्टी, एक घास खाल्लेली. पुढे धुक्यातली, ओहोटीतली, आणि पावसात टोपीखाली धरलेली. क्लेमने जन्मात एवढे सुंदर फोटो काढले नव्हते. पाकीट संपलं.

लिंडसेने मोठा श्वास सोडला. "बघ, आई. बाई नाही कुठे. उगीच जिवाला घोर लावून घेतलास."

नोलाने ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि तिसऱ्या फोटोवर धरलं.

"हे काय आहे?"

"सूर्योदय."

"आत. बटाट्याच्या शेजारी."

लिंडसे वाकला. त्याने बराच वेळ पाहिलं, कारण जे दिसत होतं ते उच्चारायची त्याला भीती वाटत होती.

"गाजर," तो म्हणाला.

त्या किनाऱ्यावर सगळ्यांचे खापरपणजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणी खणायला आलेले. तांबं संपलं. भाषा गेली. प्रार्थनागृहात आता व्यायामशाळा आहे. उरलं ते एवढंच, की पॅस्टीत सलगम घालतात, गाजर घालत नाहीत. पोरींनी पंथाबाहेरचे, कॅथलिक नवरे केले तरी त्यांना नाताळला बोलावलं जातं. गाजराला मात्र माफी नाही. उना पास्को टपरीवरच्या पॅस्टीत गाजर घालायची. तेवढ्यासाठी नोलाने तिच्या टपरीकडे कित्येक वर्षं पाहिलंदेखील नव्हतं.

नोलाने फोटो पिशवीत घातले आणि ती निघाली. लिंडसे मागे मागे गेला. त्याला वाटलं, आता मध्ये पडायला कुणीतरी लागेल.

टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं. नोलाने तिसरा फोटो काउंटरवर ठेवला. उनाने तो पाहिला आणि ॲप्रनने डोळे झाकले. क्लेमला लोणी, चरबी सगळं बंद आहे हे तिला ठाऊक होतं. तो म्हणाला होता, फक्त अर्धी दे, वास घेण्यापुरती. जूनपर्यंत तो पूर्ण खाऊ लागला. फोटो काढला की घरी सांगता येतं, खोटं बोलावं लागत नाही, असं म्हणायचा.

"मीच मारलं गं त्याला, नोला."

"बाई असती तर मी समजून घेतलं असतं," नोला म्हणाली. "माणूस आहे, पाय घसरतो. पण गाजर?"

उना म्हणाली, तो नेहमी तुझीच चांगली म्हणायचा.

"मग इथे रोज आला कशाला?"

उना काउंटर पुसू लागली, जो पुसलेलाच होता. समुद्राकडून वारा आला आणि फोटो जरासा उडाला. दोघींनीही एकदमच त्याच्यावर हात ठेवला, आणि दोघींनीही काढून घेतला.

"एक दे," नोला म्हणाली.

उनाने कागदात बांधून दिली. नोलाने कागद उलगडला, टोकाकडून एक घास घेतला आणि समुद्राकडे तोंड करून चावत राहिली. लिंडसे तिचा जबडा बघत होता. तिने दुसरा घास घेतला. मग तिसरा, थोडा मोठा. दुमडीची कड राहिली, तीही खाल्ली. कागदातले कण बोटाने टिपले. उना जन्मठेपेची वाट बघत असल्यासारखी उभी होती.

नोलाने तोंड पुसलं. जेटीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, बोलिंग क्लबचं कुणी नाही याची खात्री केली, आणि मग ती लिंडसेला म्हणाली, तू गाडीत जाऊन बस.

तो चार पावलं गेला आणि थांबला, म्हणून त्याला ऐकू आलं.

"सकाळी," नोला हलक्या आवाजात विचारत होती, "उघडतेस किती वाजता?"