भरलेला टब

"माझ्या हाताने बुजवलेली टबाची चीर पुन्हा उघडली, तर दौलतराव नाव लावणार नाही," असं दौलतरावांनी गुरुवारी संध्याकाळी जाहीर केलं. ऐकायला घरात दोनच माणसं होती. एक बायको विठा. दुसरी आई ठमाबाई. ती आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती आणि डॉक्टर नुकतेच तिला बघून गेले होते.

डॉक्टरांनी जिन्यात थांबून सांगितलं होतं, आता औषधाचं काही राहिलेलं नाही, त्यांना जे हवं असेल ते करा. म्हातारीला काय हवं हे विचारायची गरज नव्हती. ती ते गेली कित्येक वर्षं सांगत होती. "दौल्या, मना एकदा तरी गल्यापरत पान्यान बसव."

ठमाबाईचा सगळा जन्म अंबरनाथजवळच्या जांभूळ गावात गेला. जलशुद्धीकरणाचे जाडजूड पाइप तिच्या शेताच्या बांधावरून जायचे. ती त्या पाइपावर टेकून दम खायची आणि पुढे विहिरीला जायची. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. एवढ्या लांबून आणलेलं पाणी स्वतःच्या अंगावर ओतायला तिचा जीव होत नसे. तिची अंघोळ तांब्याने मोजून व्हायची. पुढे जमीन विकली, भावकीतल्या काहींनी अंबरनाथला एकाच इमारतीत फ्लॅट घेतले आणि दौलतरावांच्या वाट्याला बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट आला. त्यात पांढराशुभ्र फायबरचा बाथटब होता. ठमाबाईने तो हाताने चाचपून बघितला आणि त्या दिवसापासून तिचं ते एकच मागणं सुरू झालं.

टबात अंघोळ मात्र कधी कुणी केली नाही. नळाला पाणी मनात येईल तेव्हा येतं, आणि शुक्रवारी तर हमखास येत नाही. त्यामुळे टब म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं पिंप होऊन बसला. वर फळी, फळीवर बादल्या. म्हातारी चालतीफिरती होती तोवर गावाकडून आणलेला पितळी हंडा त्यात बुडवून पाणी काढायची. त्या हंड्याने टबाच्या काठाचे टवके उडाले. एकदा तर हंडा हातातून सुटून तळाला आदळला आणि वीतभर चीर गेली. "आई, ते पाणी वापरायचं आहे," असं दौलतराव तिच्या मागण्यावर इतकी वर्षं सांगत आले होते. आता त्यांना ते वाक्य आठवलं की जेवण जाईना.

चीर तशी जुनी होती. त्यातून पाणी हळूहळू झिरपायचं आणि खालच्या मजल्यावर गोदूबाईंच्या मोरीचं छत ओलं व्हायचं. गोदूबाई म्हणजे दौलतरावांच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. भेटल्या की आधी छताबद्दल बोलायच्या आणि मग तब्येत विचारायच्या. झिरपणं चाललं तर चाललं, पण त्याच तळावर माणूस बसवायचं म्हणजे दुरुस्ती पक्कीच हवी.

"मिस्त्री बोलवा," विठा म्हणाली.

"मिस्त्री येणार कधी आणि करणार कधी? मी ऑर्डनन्स फॅक्टरीत उगाच हाडं झिजवली?"

हाडं झिजवली होती हे खरं. फक्त ती टाइम ऑफिसात झिजवली होती. दौलतरावांनी नोकरीभर कामगारांच्या हजेरीवर नजर ठेवली. तोफगोळा त्यांनी पाहिला तो फॅक्टरीच्या दारातल्या शोभेचा. पण फॅक्टरीचं नाव घेतलं की त्यांच्या छातीत हवा भरायची.

ते तसेच उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेले. तिथल्या सिंधी दुकानदाराने फायबर जोडायच्या रेझिनचा डबा, ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली आणि काचेच्या धाग्याची जाळी पिशवीत घातली. वर बजावलं, "काका, हार्डनर थोडाच टाकायचा हां. जास्ती डालोगे तो तापेल."

"अहो साई, मी फॅक्टरीतला माणूस आहे," दौलतराव म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी टबावरची फळी उचलली. विठा दारात येऊन उभी राहिली.

"अहो, आज शुक्रवार आहे. आज कुणी पाणी ओततं का?"

"आज कोरडा केला तर उद्या चिकटेल. उद्या पाणी आलं की आईची अंघोळ. तेवढी ती थांबली तर मिळवली."

दौलतरावांनी टबाचं बूच उपटलं आणि काठोकाठ भरलेलं पाणी भडाभडा पाइपातून खाली गेलं. त्या आवाजाने सगळी इमारत दणाणली. शुक्रवारी, सगळ्यांचे नळ कोरडे असताना, एका घरातून टबभर पाणी वाहून जात होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दौलतरावांच्या भावकीत घरात माणूस गेलं की भरलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. आणि बातमी कळली की भावकीतल्या प्रत्येक घराने आपलंही पाणी ओतायचं असतं. गोदूबाई खाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाइपातला आवाज ऐकला, तो बराच वेळ चालू राहिलेला ऐकला, आणि हातातलं सूप खाली ठेवलं. शुक्रवारचं पाणी शुद्धीवर असलेला माणूस ओतत नाही. वर म्हातारी किती दिवस घोटाळत होती ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोळ्याला पदर लावला, जांभूळला फोन केला आणि मग आपली दोन्ही पिंपं मोरीत उपडी केली.

दौलतरावांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी टब पुसून कोरडा केला होता, कानस घेऊन चीर खरवडली होती आणि रेझिनचे डाग पडतील म्हणून अंगातले कपडे काढून कमरेला नुसता पांढरा पंचा गुंडाळला होता. दाढी आठवडाभराची होती. प्लास्टिकच्या मगमध्ये रेझिन ओतून त्यांनी हार्डनर टाकला. थोडा टाकला. मग त्यांना आतून आईचं कण्हणं ऐकू आलं. थोड्याने जर उद्या चिकटत असेल तर दुप्पट टाकल्यावर आजच चिकटेल, असा साधा हिशेब करून त्यांनी बाटली आणखी वाकडी केली.

मगातलं रेझिन तापलं. मग ते धुरायला लागलं. मग मगच वाकला. ब्रश त्यात उभा राहिला तो कायमचा. तो उग्र वास नाकात गेला आणि दौलतरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. धूर सोडणारा मग फडक्यात धरून ते गॅलरीकडे धावले, तेवढ्यात बेल वाजली.

दारात गोदूबाई होत्या, शेजारीपाजारी होते आणि जिना भरून जांभूळची माणसं होती. सगळ्यात पुढे थोरला चुलतभाऊ सुदामदादा, खांद्यावर टॉवेल टाकून. त्यांनी काय पाहिलं? पांढरा पंचा नेसलेला, उघडाबंब, दाढी वाढलेला मुलगा. डोळ्यांतून धारा आणि हातात धुमसणारं भांडं. आणखी काही विचारायची कुणाला गरज वाटली नाही. सुदामदादाने दौलतरावांना मिठीत घेतलं आणि हंबरडा फोडला.

दौलतरावांना वाटलं, आजारी माणसाला भेटायला आलेत. एवढी माणसं बघून त्यांनाही भरून आलं. गेले काही महिने एकट्याने धरून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं आणि तेही सुदामदादाच्या खांद्यावर मनसोक्त रडले. मागे बायकांनी सूर धरला. विठा हातात पोळपाट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिला काही समजेना.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बारीक आवाज आला. "कोन आलाय गं? त्यांना चा ठेव."

रडणं थांबलं. जिन्यात शेवटच्या पायरीवर कुणीतरी उगाच थोडा वेळ रडत राहिलं, मग तेही थांबलं.

त्यानंतर जे झालं ते मयतापेक्षा वाईट होतं. चहा ठेवायला पाणी नव्हतं. गोदूबाईंकडे नव्हतं, त्यांनी ओतलं होतं. इमारतीतल्या आणि जांभूळच्या भावकीत कुणाकडेच नव्हतं, सगळ्यांनी ओतलं होतं. बायका गोदूबाईंकडे बघू लागल्या, गोदूबाई टबाकडे बघू लागल्या. खाली टेम्पोत बांबू आणि कामट्या होत्या. ते सामान एकदा आणलं की घरी परत नेत नाहीत, म्हणून सुदामदादाने ते जिन्याखाली मीटरच्या पेटीशी टेकवून ठेवलं. वॉचमनने कुरकुर केली तेव्हा म्हणाला, "राहू दे. लागेलच."

ठमाबाई मात्र खूश होती. एवढी माणसं तिच्याभोवती कित्येक वर्षांत जमली नव्हती. तिने एकेकाचं तोंड चाचपून बघितलं. "मेल्यावं पन यवडी येतील नं?" तिने विचारलं.

सगळे निघाले तेव्हा दौलतराव गोदूबाईंवर घसरले. "वहिनी, नुसत्या आवाजावरून माणूस मारलंत तुम्ही. एक फोन करायचा."

"फोनवर माणूस काय वाटेल ते सांगतं," गोदूबाई म्हणाल्या. "भावजी, तुमच्या टबापायी माझी दोन पिंपं गेली. यापुढे तुम्ही पाणी ओतलेलं कळल्याशिवाय मी काही खरं मानायची नाही आणि एक थेंब ओतायची नाही."

"आम्ही पण," जिन्यातून कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळपर्यंत दौलतरावांनी दुसऱ्यांदा रेझिन कालवलं. या वेळी हार्डनर थोडाच घातला. चिरेवर जाळी पसरली, वर थर दिला, काठाचे टवकेही भरले. शनिवारी सकाळी बोट आपटून पाहिलं तर टणटण वाजलं. त्यांनी विठाला बोलावून पुन्हा वाजवून दाखवलं.

नळ आला. टब भरला. गिझरचं पाणी झालं, गॅसवर तापवलेलं झालं, कोपर बुडवून विठाने पाणी किती ऊन ते बघितलं. मग दोघांनी म्हातारीला लुगड्यासकट उचललं. उचलायला काही उरलंच नव्हतं. हळूहळू पाय, कंबर, छाती करत ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली. विठाने मानेखाली हात धरला.

ठमाबाई पाण्यावर हात ठेवून तो वर येतोय का ते बघत राहिली.

"कती हंडं झालं?" तिने विचारलं.

"मोजलं नाही आई."

"मोजला नाय?" तिला ते पटलं नाही. तिने डोळे मिटले. जरा वेळाने म्हणाली, "दौल्या, यो पानी फेकू नको. यान माजी गोधडी भिजव."

"भिजवतो. तू बस निवांत."

दौलतराव आणखी ऊन पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. पातेलं घेऊन परत आले तेव्हा विठा तशीच मानेखाली हात धरून बसली होती, पण ती रडत होती.

दोघांनी तिला बाहेर काढलं, पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं आणि दारात चटईवर निजवलं. पुढचं सगळं विठाला माहीत होतं. तिने टबाकडे बघितलं.

"अहो, पाणी..."

"नाही," दौलतराव म्हणाले. "ती फेकू नको म्हणाली."

त्यांनी गोदूबाईंना फोन लावला. "वहिनी, आई गेली."

"भावजी, मी सकाळपासून मोरीत नळाशी बसलेय. तुमच्याकडचा थेंब पडल्याचा आवाज नाही." फोन बंद झाला.

त्यांनी सुदामदादाला लावला. "दौलत," तो सावकाश म्हणाला, "आधी तिला विचार. ती काय म्हणते ते सांग."

शेजारच्या दाराला हात लावला तर आतून आवाज आला, काका, आत्ता पाणी भरतोय. विठा म्हणाली, "ओता हो. एवढंच तर करायचंय. लोक येतील." दौलतराव मोरीत गेले. बुचाच्या साखळीवर हात ठेवला. पाणी अजून कोमट होतं, त्यात आईच्या केसांचा एक पांढरा धागा तरंगत होता. आयुष्यात तिने मागितलेलं एवढंच पाणी, आणि तेही मोरीत सोडायचं. त्यांच्याने साखळी ओढवेना. ते स्टुलावर बसले आणि आईशेजारी एकटी बसलेली विठा त्यांना दारातून दिसत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. तळाशी कट् असा आवाज झाला. मग आणखी एक. टबाचं पाणी आपण होऊन खाली जाऊ लागलं, आधी हळू, मग घाईघाईने. टबाच्या बुडाखालून ते कुठे जात होतं हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

खालून गोदूबाईंची किंकाळी आली. मग भांडी कोसळल्याचा आवाज. मग जिन्यात धावती पावलं, आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडत गेली. गोदूबाई दारात आल्या तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत भिजल्या होत्या. त्यांनी चटईकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

"खरंच गेली हो काकी," त्या रडत म्हणाल्या. "ओतलंत ना भावजी पाणी."

मागे माणसं जमत होती. जिन्याखालचे बांबू आणायला कुणीतरी पळालं. दौलतरावांनी पंचाने डोळे पुसले.

"ओतलं नाही वहिनी," ते म्हणाले. "चीर दुसरीकडून गेली आहे. मी बुजवलेली जागा अजून धरून आहे."

ते खरं नव्हतं. पण त्या दिवशी कुणी वाकून बघायला गेलं नाही.