बुरोंडीतल्या माझ्या पर्यटनाची नोंद

देशभरच्या घरगुती पर्यटन पाहणीसाठी मिरजोळ्याच्या पलीकडची आमची वाडी निवडली गेली. निवड यंत्राने केली. यंत्र दिल्लीला असतं आणि त्याच्याकडे कोणाची ओळख चालत नाही, असं अक्षयाने आम्हाला समजावलं. अक्षया म्हणजे पाहणीवाली मुलगी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायात तुटकी चप्पल. वाडीत दारं तेवीस. त्यांतल्या चौदांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. तिने कुलपंही नीट मोजली. सरकारच्या लेखी कुलूप हेही एक घर असतं, फक्त ते उत्तर देत नाही.

उरली नऊ घरं. त्यांचे दोन गट करायचे होते : वर्षभरात बाहेरगावी मुक्कामाला गेलेले आणि न गेलेले. मग दोन्ही गटांतून घरं उचलायची आणि त्यांना सविस्तर छळायचं.

"आजी, तुमच्याकडे कोण फिरतं?" तिने मला विचारलं.

"माझा मुलगा महेंद्र. एप्रिलात जयंतीला येतो, मेमध्ये आंब्यांना येतो, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन येतो."

"पण जेवतो कुठल्या चुलीवर?"

"मुंबईच्या."

"मग तो मुंबईच्या घराचा पर्यटक. तुम्ही त्याचं पर्यटनस्थळ."

"ऐकलं काय गो हे! मग पर्यटकाला मी फणस फोडायला लावते, ते कुठे बोलू नकोस. तक्रार व्हायची."

शेजारचे भिकू भावोजी नऊ रात्री रत्नागिरीच्या दवाखान्यात पडून होते. तो 'नेहमीचा परिसर' निघाला, म्हणजे प्रवास नव्हेच; बाद. खालच्या घरातली कमळा नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली, पण त्याला झाले तेरा महिने. पाहणीला तीनशे पासष्ट दिवसांपलीकडचं आठवत नाही, तीही बाद. बाकीच्या घरांतलं कोणी उंबऱ्याबाहेर झोपलेलंच नव्हतं.

अक्षया माझ्या ओटीवर टेकली. "आजी, एका गटात शून्य आलं तर टॅब पुढे सरकत नाही. काम अपुरं दिसलं तर साहेब माझं कंत्राट वाढवणार नाहीत."

तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणून मी बोलले, नाहीतर घरातलं बाहेर सांगायची मला सवय नाही. "माझी दीप्ती बुरोंडीला शिक्षिका आहे. बाळंतपणाला माहेरी यायला तिला जमलं नाही. मीच गेले होते. एकवीस रात्री."

"आजी! तुम्ही पर्यटक आहात!"

एवढ्या मोठ्याने ओरडली की वाडी गोळा झाली. भावोजी माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी विमानातून उतरले.

"प्रवासाचा मुख्य हेतू?" अक्षयाने वाचलं. "मौजमजा, धार्मिक, उपचार, खरेदी, नातेवाइकांची भेट, काम."

"काम."

"मजुरी किती मिळाली?"

"लेकीकडे कसली गो मजुरी?"

"मग काम नाही होत, आजी. भेट होते."

"भेट? बाळंतिणीला शेक, बाळाला न्हाऊ घालणं, धुरी, लंगोट, वर जावयाचा डबा. भेटायला गेलेल्या माणसाला लोक चहा देतात. मी एकवीस दिवस दुसऱ्यांना देत होते. काम लिही."

"बरं, ते ठेवू. प्रेक्षणीय स्थळं कोणती पाहिलीत?"

"मोरी."

"आणखी?"

"दोरीवरच्या लंगोटांच्या फटीतून समुद्र दिसायचा. वारा असला तर."

तिने लिहिलं : समुद्रकिनारा.

हेतूवर मात मी हटेना. शेवटी तिने साहेबांना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. साहेब फार सभ्य बोलले. "विनामोबदला बाळंतपण हे काम नाही, ती कौटुंबिक भेट आहे. आजींना समजावून सांगा, उत्तर जपून द्या. त्यांचा गुणक एक हजार तीनशे बारा आहे."

"म्हणजे काय गो?"

"म्हणजे तुम्ही एकट्या नाही, आजी. यंत्राच्या हिशेबाने तुम्ही तेराशे बारा घरांच्या वतीने बोलताय. तुम्ही सांगाल ते तेवढ्या घरांचं धरलं जाणार."

तेराशे बारा बाया तेराशे बारा मोऱ्यांवर उकिडव्या बसलेल्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. आता त्यांच्या नावावर काय लिहायचं, ते माझ्या तोंडात होतं. काम लिहू देत नाहीत. भेट लिहिली तर सगळ्या जणी लेकीकडे आयतं जेवून आल्या.

"मौजमजा लिही," मी म्हटलं.

"वयनी, सरकारला खोटं सांगतेस?" भावोजी म्हणाले.

"खऱ्याला त्यांच्याकडे जागा नाही, भावोजी. मग कागदावर तरी बायांना एकवीस रात्री पाय पसरून बसू दे."

टॅब लगेच पुढे सरकला. अक्षयाने माझे दोन्ही हात धरले. कंत्राटही सहा महिन्यांनी वाढलं, म्हणून परवा पेढे देऊन गेली.

आता अहवाल येईल. आमच्याकडच्या साठी उलटलेल्या बायका मौजेसाठी फार हिंडतात, असं छापून येईल. तुम्ही ते मोबाईलवर वाचाल आणि म्हणाल, चांगलं आहे, बायांनी फिरावं. त्यात तुमची आईही मोजलेली असेल. ती कुठे गेली होती, ते तिला विचारायला जाऊ नका. ती तुमच्याकडेच आली होती. तुम्ही तिला काय काय दाखवलंत, तेवढं सांगा.